सरपटणारे प्राणी पाळल्याने त्यांचं भलं होतं का?

उंबरछाया

माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक लेपर्ड गेको (पालीचा एक प्रकार) आहे. नाव मिरी. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, पापण्या असलेले डोळे (साध्या पालीला पापण्या नसतात, हे मला मिरी आल्यावर कळलं), आणि तोंडावर कायमचं हसू. ते हसू नसून जबड्याचा आकार आहे हे माहीत आहे, तरी.

परवा एका मैत्रिणीशी वाद झाला. मी सहज म्हटलं, "जंगलात असती तर एव्हाना कुणीतरी गिळली असती, माझ्याकडे सुखात आहे." त्यावर ती म्हणाली, "तुला आवडते म्हणून तू ठेवलीस. तिच्यावर उपकार केल्यासारखं बोलू नकोस."

लागलं ते. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

माझी बाजू अशी: ती माणसाकडेच जन्मली, रान तिने पाहिलेलंच नाही. शत्रू नाहीत, खायला वेळेवर, वर कॅल्शियमची पूड भुरभुरवलेले किडे. या जातीचे प्राणी नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात. आणि ती मला ओळखते. गेली दोन वर्षं तर दिवसासुद्धा पेटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसलेली असते. मी तिथेच टेबलाशी काम करते. शेपूट पूर्वीसारखी गुबगुबीत राहिली नाही, पण वयही झालं असेल.

तर प्रश्न असा, की पाळण्यामुळे *त्यांचं* काही भलं होतं का? आपलं होतं, त्यावर वाद नाही. साप, कासव, सरडे, घोरपडीचे भाऊबंद, जे कुणी पाळत असाल त्यांनी लिहा. न पाळणाऱ्यांनीही लिहा, पण शिव्या नकोत.

---

खवलेकरी

चांगला धागा. वीस वर्षं साप पाळतोय, कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन, त्यामुळे निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो.

भलं होतं. सरळ वयच पाहा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी आहे. १९६१ साली एका खासगी मालकाने ती तिथे दिली. २०२० मध्ये तिने सात अंडी घातली, तेव्हा वय किमान ६२. आणि वीसहून जास्त वर्षं ती नराच्या जवळही गेली नव्हती! रानात या सापाला ६२ वर्षं कोण जगू देईल? २०२२ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या ५२ जातींच्या कासवांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जातींत वाढत्या वयाबरोबर मरणाची शक्यता जवळजवळ वाढतच नाही असं दिसलं. सोय चांगली असली की हे प्राणी म्हातारेच होत नाहीत म्हणा ना.

रानातल्या पिल्लांचे हाल कुणी मोजत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या दहांतली बहुतेक पहिला वाढदिवस बघत नाहीत. पक्षी, मुंगूस, दुसरे साप, दुष्काळ. माझ्याकडे मात्र जवळजवळ सगळी जगतात.

---

कडूकारलं

खवलेकरी, वय म्हणजे सुख नव्हे हो. जन्मठेपेचा कैदीही लांब जगू शकतो.

मला आधी हे कळत नाही की "भलं" म्हणताना तुलना कशाशी करायची. मिरीची तुलना रानातल्या गेकोशी करून उपयोग नाही, कारण मिरी रानात कधीच असणार नव्हती. ती पाळायलाच पैदा केली. पाळणारे नसते तर ती जन्मालाच आली नसती. आता जो जन्मालाच आला नसता त्याला जन्माला घालून पेटीत ठेवलं, यात त्याचा फायदा मोजायचा कसा? एका बाजूला शून्य आहे, शून्यही नाही.

मैत्रीण बरोबर आहे. उपकार हा शब्द काढून टाका, मग बोलू.

---

भाबडा_प्रश्न

अवांतर: घरातल्या पालीला हाकलायचा काही उपाय आहे का? धागा पाहून आठवलं.

---

कडूकारलं

@भाबडा_प्रश्न, तिला मिरी म्हणून हाक मारायला लागा, आपोआप पाळीव होईल.

---

रानवेडी

मिरीपुरता प्रश्न ठीक आहे, पण मिरीमागे एक बाजार आहे, त्याचं काय?

२०२० साली एक मोठा अभ्यास आला. इंटरनेटवरच्या विक्रीच्या याद्या आणि व्यापाराच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवलं की जगातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ३५ टक्क्यांहून जास्त जाती ऑनलाइन विकल्या जातात. त्या व्यापारातल्या तीन चतुर्थांश जातींवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण नाही. विकल्या जाणाऱ्या जातींपैकी सुमारे ९० टक्के जातींचे प्राणी आणि एकूण प्राण्यांतले निम्मे रानातून पकडलेले असतात. म्हणजे "माणसाकडेच जन्मलेला" हे सगळ्यांना लागू नाही. लेपर्ड गेको, कॉर्न स्नेक यांना लागू आहे. बाकीच्यांना विचारा.

आणि "फार्मवर पैदा केलेला" या शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. इंडोनेशियातून हिरवे पायथन निर्यात व्हायचे, कागदोपत्री फार्मवरचे. २०११ मध्ये संशोधकांनी फार्म आणि जंगल दोन्हीकडे जाऊन माग काढला, तेव्हा किमान ८० टक्के साप जंगलातून उचललेले निघाले.

इंडोनेशियातल्या रोटी बेटावरचं सापमानी (सापासारख्या लांब मानेचं) कासव १९९४ मध्ये वेगळी जात म्हणून जाहीर झालं. जाहीर झालं आणि हौशी लोक तुटून पडले. काही वर्षांत ते रानातून जवळपास संपलं. चीनमधल्या एका गुहेतल्या गेकोची जात १९९९ मध्ये वर्णन करून छापली, ठिकाणासकट. तिथे पुढे एकही उरली नाही. तेव्हापासून काही शास्त्रज्ञ नव्या जातीचा नेमका पत्ताच छापत नाहीत. शास्त्रज्ञाला आपला शोध लपवावा लागतो, कुणापासून, तर त्या प्राण्यावर प्रेम करणाऱ्यांपासून!

---

खवलेकरी

रानातून पकडलेले प्राणी घेऊच नयेत, यावर १०० टक्के सहमत. पण दुसरी बाजूही आहे. क्रेस्टेड गेको. न्यू कॅलेडोनिया बेटावरची ही पाल संपली असं सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये पुन्हा सापडली. त्यानंतर थोड्याच प्राण्यांपासून लोकांनी इतकी पैदास केली की आज ती सगळ्यात जास्त पाळल्या जाणाऱ्या पालींपैकी एक आहे. रानात उद्या काही झालं तरी जात शिल्लक राहील. हे भलं नाही?

---

रानवेडी

जात *कुठे* शिल्लक राहील? लोकांच्या दिवाणखान्यात. घरोघरच्या क्रेस्टेड गेकोंची वंशावळ कुणाकडे नाही, रंगासाठी वाटेल तशा जोड्या लावलेल्या आहेत, कोणते जंतू घेऊन फिरतात माहीत नाही. त्यांना बेटावर सोडायची कुणाची हिंमत होणार नाही आणि होऊही नये.

जात वाचवण्यासाठी पाळणं कसं असतं ते गालापागोसच्या एस्पान्योला बेटावर पाहा. तिथल्या महाकासवांच्या १२ माद्या आणि २ नर उरले होते. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला, त्याचं नाव डिएगो. नोंदी ठेवून पैदास केली, पिल्लं त्याच बेटावर सोडली, बेटावरच्या बकऱ्या संपवल्या. २०२० मध्ये कार्यक्रम थांबवला तेव्हा बेटावर दोन हजारांच्या आसपास कासवं होती. पिंजरा तोही होता, पण त्याला बाहेर जायचं दार होतं. आपल्या पेट्यांना नाही.

बाहेर जायचं दार म्हटलं की आठवलं, कंटाळा आला की नेऊन सोडणारे. लाल कानाचं कासव नाण्याएवढं असताना घेतात, ते ताटाएवढं होतं. मग तळ्यात. आज ते जगातल्या सर्वात त्रासदायक उपऱ्या जातींच्या यादीत आहे. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आलेले बर्मी पायथन इतके माजले की २०१२ च्या एका पाहणीत रॅकून ९९ टक्क्यांनी कमी दिसले. तिथे कुणाचं भलं झालं? पायथनचं म्हणावं तर आता त्यांना मारायच्या स्पर्धा भरतात.

---

एकआणा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

डॉक्टर_शेपटे

मी पशुवैद्य आहे, विदेशी प्राणी बरेच पाहतो. तत्त्वज्ञान माझं क्षेत्र नाही, त्यामुळे टेबलावर काय येतं तेवढंच सांगतो.

सगळ्यात जास्त काय येतं? मऊ हाडं. जबडा बोटाने दाबला की रबरासारखा वाकतो, पाय धनुष्यासारखे, पाठीला कुबड. कॅल्शियम कमी, किंवा कॅल्शियम आहे पण ते शोषायला लागणारं डी३ जीवनसत्त्व नाही. उन्हात बसणाऱ्या सरड्यांच्या कातडीत ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील (यूव्हीबी) किरणांनी तयार होतं. मालक म्हणतो, "खिडकीतलं ऊन मिळतं की." खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. किंवा "यूव्हीबी दिवा आहे ना." असतो, दोन वर्षांचा जुना. उजेड देतो, ते किरण केव्हाच संपलेले असतात. माणसाच्या डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो सरड्याच्या हाडांना.

दुसरं, डोळे सुजून मिटलेली पाणकासवं. नुसतं मांस किंवा नुसती पालेभाजीची फिकी पानं खाऊन अ जीवनसत्त्व घटलेलं. तिसरं, पाठीवर पिरॅमिड उगवलेली जमिनीवरची कासवं, लहानपणी फार कोरड्यात वाढलेली. चौथं, कात नीट न निघालेले साप, डोळ्यांवर जुन्या कातीचे थर तसेच. पाचवं, लठ्ठ. होय, लठ्ठ साप असतात.

यातला एकही आजार दुष्टपणातून येत नाही. आणणारा माणूस रडत असतो.

मुख्य अडचण अशी की हे प्राणी तक्रार करत नाहीत. कुत्रं विव्हळतं, मांजर खाणं सोडून तुमच्याकडे बघते. साप महिनाभर खाल्लं नाही तरी "असतो त्यांचा मूड" म्हणून चालून जातं. दुखणं लपवणं हा त्यांच्या जगण्याचा भाग आहे, रानात आजारी दिसणारा पहिला खाल्ला जातो. आम्हाला दिसतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

किती मरतात यावर दोन टोकं आहेत. २०१२ च्या एका लेखात म्हटलं होतं की घरी आणल्यापासून पहिल्या वर्षात किमान ७५ टक्के मरतात. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये पाळणाऱ्यांनाच विचारून अभ्यास झाला, आकडा आला ३.६ टक्के. पहिला आकडा मला अवाजवी वाटतो. दुसऱ्यात प्रदर्शनांना जाणारे हौशी, जाणकार लोक होते. वाढदिवसाला सरडा भेट मिळालेलं मूल त्यात नव्हतं.

@उंबरछाया, एक विचारतो. मिरीची हीट मॅट (पेटीखालची ऊब देणारी चटई) नेमकी कुठे आहे? आणि तिच्या लपायच्या जागेत जमिनीचं तापमान किती? पेटीला चिकटवलेल्या गोल काट्याचं नको, जमिनीचं हवं. लेपर्ड गेको संधिप्रकाशात वावरणारा प्राणी आहे, दिवसा बिळात असतो. दोन वर्षं भर दिवसा उघड्या कोपऱ्यात बसते आणि शेपूट बारीक होतेय, हे मला नुसतं वय वाटत नाही. शेपूट म्हणजे तिची चरबीची कोठी.

---

भाबडा_प्रश्न

डॉक्टर, आता खरा प्रश्न. माझ्या भावाकडे बिअर्डेड ड्रॅगन (दाढीवाला सरडा) आहे. त्याच्या छातीवर पडून डोळे मिटतो. कुरवाळलेलं आवडत असेल ना?

---

डॉक्टर_शेपटे

छाती गरम असते. तुमच्या भावाला वाईट वाटेल, पण सरड्याच्या दृष्टीने तो बहुधा उन्हात तापलेला मऊ दगड आहे. डोळे मिटणं कधी निवांतपणा असतो, कधी "हे लवकर संपू दे" असतं. दाढी काळी पडतेय का, अंग चपटं करतोय का, ते बघायला सांगा. हाताळल्यावर काही सरड्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात आणि ते नंतर जास्त उबेची जागा शोधतात, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याला भीतीने ताप भरतो तसं काहीसं. सवयीने ते कमी होतं. पण सवय होणं वेगळं नि आवडणं वेगळं.

याचा अर्थ ते मठ्ठ आहेत असा नाही. याच बिअर्डेड ड्रॅगनवर झालेल्या एका प्रयोगात, दुसऱ्याने सरकतं दार कसं उघडलं ते पाहून पाहणारे ड्रॅगन तसंच दार उघडायला शिकले. ज्यांना दाखवलं नव्हतं त्यांना जमलं नाही.

---

कडूकारलं

म्हणजे दार उघडायला शिकवलं तर शिकतात, हे कळलं. आणि तरी आपण दाराला कुलूप लावतो. ;)

(हलकेच घ्या.)

---

खवलेकरी

हलकेच घेतलं. पण डॉक्टरांचं वाचून एक कबुली द्यावीशी वाटते.

बारा वर्षं माझे सगळे बॉल पायथन ड्रॉवरमध्ये होते. न पाळणाऱ्यांसाठी: कपड्यांच्या कपाटासारखा रॅक, त्यात प्लास्टिकचे सपाट खण, खाली कागद, एक पाण्याचं भांडं, मागे गरम पट्टी. मोठे पैदास करणारे असेच ठेवतात. आमच्यात ठरलेलं वाक्य आहे: "बॉल पायथनला मोकळी जागा दिली की घाबरतो, वारुळातला प्राणी आहे तो." मी स्वतः नवख्यांना हे शेकडो वेळा ऐकवलंय. पुरावा काय? खातात, वाढतात, अंडी घालतात.

२०२१ मध्ये एका अभ्यासात तेच साप ड्रॉवरमध्ये आणि मग सजवलेल्या टेरेरियममध्ये (मोठ्या पेटीत) ठेवून पाहिले. ड्रॉवरमध्ये पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझाऱ्यांसारख्या त्याच त्या निरर्थक हालचाली दिसल्या. टेरेरियममध्ये चढणं, पोहणं, ऊन खाणं अशा गोष्टी, ज्या ड्रॉवरमध्ये करताच येत नाहीत. मी आधी नाक मुरडलं. मग बघू तरी म्हणून एक नर मोठ्या पेटीत हलवला, दोन लपणं, एक आडवी जाड फांदी. पाच दिवस दिसला नाही. मी म्हटलं, बघा, घाबरला. सहाव्या रात्री फांदीवर. तेव्हापासून रोज रात्री फांदीवर. नंतर वाचलं की रानातल्या नरांच्या पोटात पक्षीसुद्धा सापडतात, म्हणजे झाडावर चढतातच ते. बारा वर्षं मी त्याला चढायला काही दिलंच नव्हतं आणि म्हणत होतो की याला चढायला आवडत नाही.

आता सात पेट्या आहेत. बाकीचे साप दिले, पैदास बंद केली. स्पायडर मॉर्फची (बॉल पायथनचा रंगासाठी जोपासलेला एक प्रकार) पैदास तर त्याआधीच सोडली होती. रंग देखणा, पण त्या जनुकाबरोबर मान थरथरते, डोकं वाकडं होतं, काहींना सावज धड पकडता येत नाही. २०२२ मध्ये स्कॅन करून दाखवलं की आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते. आणि हे आम्ही माणसांनी रंग बघून जोड्या लावून वाढवलं. या एका गोष्टीत तरी पाळण्याने त्यांचं भलं झालं असं माझ्याच्याने म्हणवणार नाही.

---

कडूकारलं

दंडवत. इथे कुणी मत बदललेलं मी पहिल्यांदा पाहतोय.

मग माझंही थोडं बदलतो. तुलना रानाशी नको, जन्म न होण्याशीही नको. तुलना त्याच प्राण्याला आज देता येण्यासारख्या दुसऱ्या पेटीशी करावी. ड्रॉवर की फांदी. ते निदान प्राण्यालाच विचारता येतं, त्याने कुठे बसायचं ते तो ठरवतो.

---

रानवेडी

+१. पण बाजाराचा मुद्दा त्याने सुटत नाही, तो मी सोडणार नाही. दहा चांगल्या पेट्यांमुळे अकराव्या जातीचं कुणाला तरी आकर्षण वाटतं. भारतीय तारा कासव सुंदर दिसतं, हीच त्याची चूक. त्यापायी इतकी तस्करी झाली की २०१९ मध्ये त्याला साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट एकमध्ये घालावं लागलं, म्हणजे रानातल्या कासवांचा आंतरराष्ट्रीय धंदा पूर्ण बंद. तस्करीत मोजे, चिकटपट्टी, सूटकेसचे कप्पे. त्यांच्या बाबतीत "सुखात आहे" म्हणणारा माणूस फक्त शेवटचा टप्पा पाहत असतो.

---

उंबरछाया

सगळ्यांचे आभार, उशिरा येतेय त्याबद्दल माफी. डॉक्टरांनी विचारलं म्हणून तापमापी आणली, तारेच्या टोकाला सेन्सर असलेली.

लपायची जागा, मागची डावी बाजू: २४ अंश.
पुढचा उजवा कोपरा, जिथे ती बसते: ३२.

आधी वाटलं मापीच बिघडलीय. मग पेटी उचलून पाहिली. दोन वर्षांपूर्वी घर बदललं, तेव्हा सामान लावणाऱ्यांच्या गडबडीत पेटी मागची बाजू पुढे अशी ठेवली गेली. हीट मॅट मागच्या बाजूला होती ती पुढे आली. दगड, गुहा हे सगळं मी नंतर आत लावलं, "जुन्यासारखंच", म्हणजे गुहा मागे. दोन वर्षं तिची उबदार जागा उघड्यावर होती नि लपायची जागा थंड. ऊब हवी तर लपता येत नाही, लपावं तर ऊब नाही.

आणि मी समजत होते ती माझ्याकडे बघत बसते.

थोडं रडले, खोटं कशाला बोलू. मग मॅट मागे घेतली, तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट लावला, गुहा तिच्यावर ठेवली, दुसरं एक लपण थंड बाजूला. ओलसर शेवाळाचा डबाही ठेवला, कात टाकताना लागतो म्हणून.

---

डॉक्टर_शेपटे

रडू नका. ती नऊ वर्षं जगली त्यात तुमची बरीच मेहनत आहे. अन्न पचायला यांना ऊब लागते, ती अर्धवट मिळत होती. शेपूट भरायला हवी. नाहीच भरली तर विष्ठा तपासून घेऊ.

---

उंबरछाया

तीन आठवडे झाले. पुढच्या कोपऱ्यात आता अजिबात येत नाही. दिवसभर गुहेतच असते. रात्री दिवे मालवल्यावर कधीतरी खुडबुड ऐकू येते, मी उठेपर्यंत पुन्हा आत. खरं सांगायचं तर आठवड्यात तिचं एकदाही धड दर्शन झालेलं नाही. किडे मात्र सकाळपर्यंत संपलेले असतात.

हे बरं झालं की वाईट?

---

डॉक्टर_शेपटे

बरं झालं. दर पंधरवड्याला वजन करत जा, तेवढ्यापुरती भेट होईल.